तुंबते एकीकडे, अडलेले असते दुसरीकडे: घरातील सांडपाण्याच्या तक्रारींचे मूळ कसे शोधावे

जूनमध्ये पावसाच्या दोन-तीन मोठ्या सरी येऊन गेल्या की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत ठरावीक तक्रारी येऊ लागतात. तळमजल्यावरच्या न्हाणीघरात जाळीतून काळे पाणी वर येते. दुसऱ्या मजल्यावर फ्लश केला की बाजूच्या मोरीतून गुडगुड आवाज येतो. चौथ्या मजल्याच्या छताला ओल आलेली असते आणि पाचव्या मजल्यावरचे रहिवासी छातीठोकपणे सांगतात की आमच्याकडे एक थेंबही गळत नाही. मग कोणीतरी ॲसिडची बाटली आणून ओततो, कोणी प्लंबरला बोलावून फरशी फोडून घेतो, आणि पंधरवड्याने तीच तक्रार पुन्हा उभी राहते. याचे कारण बहुतेक वेळा साधे असते: त्रास जेथे दिसतो तेथेच दोष असतो असे नाही, आणि दोषाची जागा कळण्याआधीच दुरुस्ती सुरू झालेली असते.

ही जागा शोधण्यासाठी प्लंबर असण्याची गरज नाही. भिंतीआड आणि फरशीखाली काय आहे याची ढोबळ कल्पना हवी, आणि हातोडा उचलण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत: त्रास कोणकोणत्या ठिकाणी होतो, नेमका केव्हा होतो, आणि त्याच वेळी शेजारी, वर किंवा खाली आणखी कोणाला होतो.

भिंतीआड काय असते

कमोड, बेसिन, सिंक, न्हाणीघराची जाळी यांपैकी काहीही घ्या, त्याच्या तोंडाशी पाइपला एक वळण दिलेले असते आणि त्या वळणात कायम थोडे पाणी साचून राहते. या वळणाला ट्रॅप म्हणतात आणि त्यात साचलेल्या पाण्याला वॉटर सील. सांडपाणी पुढे वाहून जाते, पण गटारातील वायू, झुरळे आणि दुर्गंधी मात्र या पाण्यामुळे घरात शिरू शकत नाहीत. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. आजच्या कमोडचे तत्त्व तेच आहे. कमोडचा ट्रॅप त्याच्या चिनीमातीच्या अंगातच घडवलेला असतो, भारतीय पद्धतीच्या भांड्याचा त्याखाली वेगळा जोडलेला असतो, आणि न्हाणीघराच्या फरशीत बसवतात त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्याकडे कमोड आणि नहाणी ट्रॅपमध्ये या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन इंच असते. घर आणि गटार यांच्यामध्ये एवढाच आडोसा असतो.

ट्रॅपनंतर आडवा पाइप लागतो, तो उताराने इमारतीच्या उभ्या पाइपला मिळतो, उभा पाइप जमिनीखाली उतरतो आणि तेथून चेंबरची रांग सुरू होते. जुन्या इमारतींत मैल्याचा चार इंची पाइप आणि न्हाणीघर-स्वयंपाकघराच्या पाण्याचा तीन इंची पाइप असे दोन वेगळे उभे पाइप दिसतात. हे दुसरे पाणी जमिनीलगत आधी गली ट्रॅपमध्ये, म्हणजे अंगणातल्या जाळीच्या चौकोनी खड्ड्यात पडते आणि मगच मैल्याच्या लाइनला मिळते. आडव्या पाइपचा उतार हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. चार इंची पाइपला सुमारे चाळीस फुटांत एक फूट उतार असावा असा जुना ठोकताळा आहे. न्हाणीघराचे नूतनीकरण करताना कमोड या भिंतीवरून त्या भिंतीला हलवला की पाइपची लांबी वाढते, फरशीखाली तेवढी खोली मिळत नाही, आणि उतार नाममात्र उरतो. असा कमोड कितीही महाग असला तरी दर काही महिन्यांनी तुंबणारच.

पाण्याइतकीच हवा महत्त्वाची

पाण्याने भरलेली बाटली एकदम उलटी केली तर पाणी सरळ धारेने पडत नाही. ते गुडगुडत, थांबत-थांबत येते, कारण बाहेर पडणाऱ्या पाण्याची जागा घ्यायला हवेला त्याच तोंडातून आत यावे लागते. इमारतीच्या उभ्या पाइपचे वरचे तोंड गच्चीच्याही वर नेऊन उघडे ठेवलेले असते ते याच कारणासाठी. तेथून हवा आत येते आणि पाणी विनासायास खाली जाते. या हवेच्या वाटेला व्हेंट म्हणतात.

ही वाट बंद झाली की काय होते ते पाहा. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की पाण्याचा लोंढा उभ्या पाइपातून खाली जाताना पुढची हवा दाबत नेतो आणि मागे ओढ निर्माण करतो. वरून हवा मिळाली नाही तर ही ओढ मधल्या मजल्यांवरच्या ट्रॅपमधील पाणी खेचून घेते. मोरीतून ऐकू येणारा गुडगुड आवाज हा त्या दोन इंची पाण्यातून हवा घुसत असल्याचा आवाज आहे. खालच्या टोकाला याच्या उलट घडते: दाबली गेलेली हवा तळमजल्यावरच्या ट्रॅपमधून वर उसळते आणि सोबत वरच्यांच्या वॉशिंग मशीनचा फेस घेऊन येते. म्हणूनच तळमजल्यावरच्या घरांचे पाइप मुख्य उभ्या पाइपला न जोडता स्वतंत्रपणे थेट चेंबरला जोडणे ही चांगली पद्धत मानली जाते. ज्या इमारतीत बांधतानाच हा खर्च वाचवलेला असतो, तेथील तळमजल्याच्या रहिवाशांना फेसाची तक्रार आयुष्यभर पुरते.

तेव्हा गुडगुड ऐकू आली तर आधी गच्चीवर जाऊन पाइपचे तोंड पाहावे. गच्चीवर पत्र्याची शेड घालताना किंवा वॉटरप्रूफिंग करताना कारागिरांनी तो पाइप कापून वर सिमेंट थापल्याची उदाहरणे थोडी नाहीत. कबुतराचे घरटे किंवा पिंपळाचे रोपटेही तेथे सापडू शकते. तोंड मोकळे असेल आणि तरीही आवाज येत असेल, तर खाली कोठेतरी पाइप अर्धवट तुंबलेला आहे आणि पाण्याला हवेसाठी जागा उरलेली नाही, असे समजावे.

वास येतो, पण तुंबलेले तर काहीच नाही

उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर घर बंद ठेवून गावाहून परतल्यावर न्हाणीघरात कुबट वास येतो, तो अस्वच्छतेचा नसतो. ट्रॅपमधील पाण्याची वाफ होऊन गेलेली असते, एवढेच. प्रत्येक जाळीत आणि प्रत्येक भांड्यात तांब्याभर पाणी ओतले आणि तासाभरात वास गेला, तर निदान झाले. पुढच्या वेळी निघताना त्या पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी उडण्याचा वेग मंदावतो. पाहुण्यांच्या खोलीतील न वापरलेले न्हाणीघर, गच्चीवरचे बेसिन, स्वयंपाकघराच्या बाल्कनीतील वर्षानुवर्षे कोरडी असलेली जाळी या जागा लोकांच्या ध्यानात येत नाहीत, आणि वास मात्र घरभर फिरतो. एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो अशा कोरड्या ट्रॅपमधून गटारातील हवा अधिकच आत ओढतो.

हा केवळ नाकाचा प्रश्न आहे असे मानू नये. २००३ साली सार्सच्या साथीत हाँगकाँगमधील अमोय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात पुढे आलेल्या कारणांत न्हाणीघरांचे कोरडे पडलेले ट्रॅप आणि त्यांतून हवा खेचणारे एक्झॉस्ट पंखे यांचा समावेश होता.

पाणी ओतूनही वास थांबत नसेल तर तो केव्हा येतो याकडे लक्ष द्यावे. तांब्याभर पाणी ओतल्यावर दिवसभर वास नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आहे, तर ट्रॅपमधील पाणी कोणीतरी खेचून घेत आहे. म्हणजे व्हेंटकडे पाहायला हवे. कधीकधी याहून क्षुल्लक गोष्ट असते: केसांचा गुंता किंवा फडक्याचा धागा ट्रॅपच्या कडेवरून पलीकडे लोंबत असतो आणि थेंबाथेंबाने सगळे पाणी पलीकडे नेतो. जाळी उचलून बोटाने चाचपले की तो हाताला लागतो.

वास फक्त कमोडच्या बुडाशी येत असेल तर कमोड आणि पाइप यांचा सांधा सुटलेला असतो. बेसिनखाली येत असेल तर बहुधा बेसिनचा पन्हळीदार वेस्ट पाइप भिंतीतील किंवा फरशीतील भोकात नुसता खुपसून ठेवलेला आढळतो. भोवतीच्या फटीतून वास आणि झुरळे दोन्ही येतात आणि काही रुपयांच्या रबरी बुचाने काम भागते. वॉशिंग मशीनचा पाइप ट्रॅपशिवाय थेट लाइनमध्ये सोडणे हा तर आपल्याकडील सार्वत्रिक प्रकार आहे.

कमोड ओढत नाही: दोष टाकीचा की लाइनचा

फ्लश केल्यावर भांडे साफ होत नाही, ही तक्रार दोन अगदी वेगळ्या कारणांनी येते आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. त्यासाठी एक बादली पुरते. आठ-दहा लिटर पाणी घेऊन कमरेच्या उंचीवरून एका दमात कमोडमध्ये ओतावे, मात्र भांडे आधीच काठोकाठ भरलेले असेल तर हा प्रयोग करू नये. पाणी झपकन ओढले गेले तर लाइन मोकळी आहे आणि दोष टाकीत आहे. पाणी आधी वर चढले आणि मग सावकाश उतरले तर पुढे अडथळा आहे, आणि टाकीचे कितीही भाग बदलले तरी उपयोग नाही.

टाकीचा दोष असेल तर झाकण उघडून आतील पाण्याची पातळी पाहावी. पाणी वाचवण्यासाठी अनेक जण टाकीत बाटली ठेवतात. सहा लिटरसाठी घडवलेल्या कमोडला त्यामुळे साडेचारच लिटर मिळते आणि मग दोनदा फ्लश करावा लागतो, म्हणजे बचत शून्य. ज्या भागांत बोअरवेलचे जड पाणी वापरतात तेथे कमोडच्या काठाखालची बारीक छिद्रे क्षारांनी बुजतात. छोटा आरसा काठाखाली धरला की पांढरे-पिवळे थर स्पष्ट दिसतात. व्हिनेगर किंवा लिंबाच्या फुलाचे द्रावण लावून ते मऊ करता येतात.

याउलट टाकीतून भांड्यात पाणी सतत झिरपत असेल तर ते डोळ्यांना सहज दिसत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यातील पाणी रंगले तर टाकीच्या तळाचा रबरी वायसर गेलेला आहे. अशा मूक गळतीतून दिवसाला शेकडो लिटर पाणी वाया जाऊ शकते. पाणीकपातीच्या दिवसांत इमारतीची टाकी लवकर का रिकामी होते याचे उत्तर कित्येकदा येथे सापडते.

एक भांडे, एक घर की अख्खी इमारत

तुंबण्याच्या बाबतीत सर्वांत उपयोगी प्रश्न 'आणखी कोठे?' हा आहे. फक्त बेसिन तुंबले असेल आणि बाकी सगळे व्यवस्थित वाहत असेल, तर अडथळा बेसिनच्याच ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या दोन-तीन फुटांत आहे. बेसिनखालचा बाटलीच्या आकाराचा ट्रॅप हाताने फिरवून काढता येतो. खाली बादली ठेवावी. बेसिनचे पाणी सोडल्यावर मोरीच्या जाळीतून ते वर येत असेल तर दोन्ही जेथे मिळतात त्याच्या पुढे अडथळा आहे. घरातील न्हाणीघर आणि संडास दोन्ही एकदम मंदावले तर उभ्या पाइपपर्यंतच्या आडव्या लाइनवर संशय घ्यावा. आणि आपल्या घरात कोणी नळही उघडलेला नसताना जाळीतून पाणी वर येत असेल, तर ते पाणी आपले नाहीच; ते वरच्यांचे आहे आणि अडथळा आपल्या खाली आहे. अशा वेळी आपली फरशी फोडून काहीही हाती लागणार नाही.

इमारतीच्या लाइनसाठी चेंबरची झाकणे हीच उत्तम साक्षीदार असतात. झाकण उचलावे, बाजूला उभे राहून ते थोडा वेळ उघडे राहू द्यावे, जवळ विडी-काडी पेटवू नये आणि डोके आत घालू नये. निरोगी चेंबरच्या तळाशी अर्धगोल पन्हळ दिसते आणि तिच्यातून पाण्याची चिळकांडी येते-जाते; दोन्ही बाजूंचे सिमेंटचे उतार जवळजवळ कोरडे असतात. त्यांवर वरपर्यंत चिकटलेला मैला आणि कागद दिसला तर चेंबर आता मोकळा असला तरी अलीकडेच भरून गेला होता, हे ओळखावे. चेंबर तुडुंब भरलेला असेल तर अडथळा त्याच्या पुढे आहे. वर फ्लश करूनही तो कोरडाच राहिला तर अडथळा मागे आहे. मग पुढच्या चेंबरकडे जावे. जेथे एक चेंबर भरलेला आणि त्याच्या पुढचा रिकामा आढळतो, त्या दोघांमधल्या पाइपातच अडथळा असतो. ही पाहणी अर्ध्या तासात होते, आणि तिच्यामुळे बांबूच्या कामट्या कोठून घालायच्या किंवा जेटिंगच्या गाडीचा पाइप कोठून सोडायचा हे नेमके सांगता येते.

चेंबर साफ केल्यावरही महिन्याभरात तोच तुकडा पुन्हा तुंबत असेल तर तो कचऱ्याचा दोष राहत नाही. पाइप मध्येच खचलेला असतो, सांध्यातून वड-पिंपळाची मुळे आत शिरलेली असतात, किंवा वाहनतळावर जड गाड्या फिरून पाइप चेपलेला असतो. तेथे पुन्हा पुन्हा सफाईचे पैसे देण्यापेक्षा एकदा पाइपात कॅमेरा सोडून पाहणी करणे स्वस्त पडते.

'ॲसिड ओतले की मोकळे होते, मग एवढी चिकित्सा कशाला?'

हा आक्षेप अनुभवातून येतो, त्यामुळे त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. बाजारात मिळणारे ॲसिड क्षारांचे थर विरघळवते, म्हणून भांडे लखलखीत होते. परंतु तुंबवणाऱ्या वस्तू क्षारांच्या नसतात. केस, कापड, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स आणि स्वयंपाकघरातील तूप-तेलाचा थिजलेला गाळ यांवर या ॲसिडचा फारसा परिणाम होत नाही. सॅनिटरी पॅड तर पाणी शोषून फुगण्यासाठीच बनवलेले असते. फरशीच्या कामानंतर मोरीत धुतलेले सिमेंट आणि ग्राउट ट्रॅपच्या वळणात घट्ट बसलेले असेल तर ॲसिड ते थोडेफार खाते, पण त्याबरोबर जुन्या पाइपांचे सिमेंटचे सांधे आणि बिडाचा पाइपही खाते. आज मोकळी झालेली लाइन दोन वर्षांनी गळू लागली तर दोन्हींचा संबंध कोणी जोडत नाही.

कॉस्टिक सोड्याची दाणेदार पूड चरबीवर आणि काही प्रमाणात केसांवर काम करते, पण पाण्याशी संपर्क येताच ती प्रचंड तापते. ती टाकून उपयोग झाला नाही म्हणून वर ॲसिड ओतणे धोक्याचे आहे, कारण मिश्रण उकळून तोंडावर उडू शकते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. यातले काहीही ओतलेले असेल तर प्लंबर ट्रॅप उघडण्याआधी त्याला ते सांगणे आवश्यक आहे. अन्यथा त्याचे हात भाजतात.

एकाच भांड्याच्या अडथळ्याला रबरी पंप बहुधा पुरेसा होतो. मात्र पंप मारताना शेजारचे बेसिन किंवा जाळी ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरावी, नाहीतर सगळा दाब तिकडून निसटून जातो. पंपाचा उपयोग होत नाही असे म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते. पंपाने जमले नाही तर लवचीक स्प्रिंग वापरावी. आणि सिंकमध्ये उकळते पाणी ओतण्याची सवय फसवी आहे: वितळलेले तूप चार फूट पुढे जाऊन थंड होते आणि हाताच्या आवाक्याबाहेर थिजते.

छताची ओल आणि वरच्या-खालच्यांचा वाद

या वादात दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात. वरच्या घरातील न्हाणीघराचा स्लॅब बहुतेक इमारतींत मुद्दाम फूट-दीड फूट खाली घेतलेला असतो आणि त्या खोलगट जागेत पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा भराव घालतात. भरावात पाणी शिरले की ते तेथे साचत राहते आणि कित्येक दिवसांनी, कित्येकदा दुसऱ्याच कोपऱ्यातून, खाली झिरपते. वरची फरशी अर्थातच कोरडी असते. खाली ओलीचा डाग जेथे आहे त्याच्या बरोबर वर फरशी फोडणे म्हणूनच बहुधा व्यर्थ जाते.

गळतीच्या वेळेवरून मात्र पुष्कळ कळते. रात्रंदिवस, घर बंद असतानाही थेंब पडत असेल तर नळाच्या, म्हणजे दाबाखालच्या पाइपाची गळती असण्याची शक्यता मोठी. वरच्या घराचा मुख्य कॉक रात्री बंद करून सकाळपर्यंत फरक पडतो का ते पाहावे. स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद असताना तो फिरतो का हेही पाहावे. वापरानंतर थोड्या वेळाने थेंब वाढत असतील तर सांडपाण्याचा पाइप किंवा कमोडचा सांधा दोषी ठरतो. कमोडमध्ये रंगीत पाणी टाकून खाली रंग उतरतो का ते तपासता येते. दोन्ही कसोट्यांत काही निष्पन्न झाले नाही तर फरशीचे सांधे आणि वॉटरप्रूफिंग उरते. त्यासाठी नहाणी ट्रॅपचे तोंड बुचाने बंद करून न्हाणीघरात इंचभर पाणी चोवीस तास कोंडून ठेवतात आणि पातळी व खालचे छत दोन्ही पाहतात. क्रम हाच ठेवावा, कारण पाणी आधीच कोंडले तर भराव भिजतो आणि पुढचे आठवडाभर कोणतीच कसोटी खरे उत्तर देत नाही.

पावसाळ्यातच मैलापाणी मागे का येते

पावसाचे पाणी आणि मैलापाणी यांच्यासाठी शहरांत वेगवेगळ्या वाहिन्या असणे अपेक्षित असते, आणि मुंबईत त्या तशा आहेतही. परंतु गच्चीचे पागोळीचे पाइप सोयीसाठी मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेले असतात, आवारात पाणी तुंबले की रखवालदार चेंबरचेच झाकण उचलतो, आणि फुटक्या सांध्यांतून जमिनीतील पाणीही आत शिरते. मैल्याच्या वाहिनीत मग तिच्या ताकदीबाहेरचे पाणी येते, रस्त्याखालची पातळी तळमजल्याच्या जाळीपेक्षा वर जाते आणि पाणी मागे फिरते. पावसाचा जोर ओसरताच हे पाणी आपोआप उतरले, तर आपल्या लाइनमध्ये अडथळा नसून बाहेरच्या वाहिनीवर भार आलेला आहे. कोरड्या दिवसांतही ते येत असेल तर अडथळा आवारातच शोधावा.

शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारे झडप बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो योग्य आहे, पण अपुरा आहे. झडप मिटलेले असताना बाहेरचे पाणी आत येत नाही, तसेच आतलेही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यांनी त्या वेळात कपडे धुतले तर तळमजल्यावर त्यांचेच पाणी चढेल. म्हणून आधी गच्चीचे पाइप मैल्याच्या चेंबरमधून काढावेत आणि मगच झडपेचा विचार करावा.

जेथे महापालिकेची लाइन नाही: सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा

लहान शहरांत, उपनगरांच्या कडेला आणि खेड्यांत मैलापाणी सेप्टिक टाकीत जाते. तेथे गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले तुलनेने निवळ पाणी शोषखड्ड्यात जाते. येथेही 'केव्हा' हाच प्रश्न निर्णायक आहे. उन्हाळ्यात सुरळीत चालणारा संडास जुलै-ऑगस्टमध्ये तुंबत असेल तर टाकी भरलेली नसून शोषखड्डा पाणी घेत नाही. कोकणात भूजल वर आलेले असते. मराठवाडा-विदर्भातील काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. टाकी उपसल्यावर आठवडाभर बरे वाटते आणि मग पुन्हा तेच होते, ही याची खूण आहे. वर्षभर संडास हळूहळू मंदावत गेला असेल तर मात्र टाकीत गाळ चढलेला आहे.

आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही, असे अभिमानाने सांगणारे भेटतात. याचा अर्थ टाकी उत्तम आहे असा नसून बहुतेक वेळा गाळ पाण्याबरोबर वाहून शोषखड्ड्यात किंवा उघड्या गटारात जात आहे, असा होतो. साधारण दोन-तीन वर्षांनी गाळ काढणे आवश्यक असते, आणि पुड्या-द्रावणे टाकून ते टळत नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांच्या चक्रात पाळीपाळीने शहरातील टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली आहे.

टाकीत माणूस उतरवू नये. आतील हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास गेला असे वाटत असतानाच माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. २०१३ च्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे हा गुन्हा ठरवले आहे, आणि असे काम देणारी व्यक्ती किंवा संस्था, म्हणजे गृहनिर्माण संस्थाही, त्यातून सुटत नाही. गटारात होणाऱ्या मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली.

खर्च कोणाचा

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज लाइन, सेप्टिक टाकी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. संडास, सिंक इत्यादींपासून घरातल्या घरात होणारी गळती सदस्याने स्वखर्चाने थांबवायची असते. आवारातील शेवटच्या चेंबरपलीकडे रस्त्याखालची वाहिनी स्थानिक संस्थेची. म्हणूनच दोष कोठे आहे हे कळण्यावर पैसे कोण देणार हेही ठरते, आणि सभेत आवाज चढवण्यापूर्वी चेंबरची पाहणी व रंगाची कसोटी दोन्ही पक्षांसमक्ष करून मोबाइलवर टिपून ठेवणे फायद्याचे असते. नूतनीकरण करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. भराव घालण्याआधी उघड्या पाइपांची छायाचित्रे काढावीत, प्रत्येक छायाचित्रात भिंतीलगत मोजपट्टी धरलेली असावी, आणि त्यांची एक प्रत खालच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही द्यावी.